विसावा कुणाच्या खात्यावर?

आज रविवार आहे. पुरवणी हाती घेऊन आपण निवांत बसला असाल. ऑफिसची घाई नाही, लोकलची धावपळ नाही. हा निवांतपणा आपल्याला इतका अंगवळणी पडला आहे की तो जणू पंचांगातच छापून आला असावा असे वाटते. पण रविवारची सुट्टी आपल्याकडे आपोआप आलेली नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारच्या सुट्टीला मान्यता दिली. रविवार हा खंडोबाचा वार, आणि सहा दिवस पोटासाठी राबल्यावर एक दिवस समाजासाठी मोकळा हवा, असा लोखंड्यांचा युक्तिवाद होता असे सांगतात. म्हणजे पाहा, या एका सुट्टीत विश्रांती होती, देव होता आणि समाजाचे कामही होते.

मला या इतिहासातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. विश्रांती एकट्याला घेता येते, पण एकट्याला मिळवता येत नाही. ती सर्वांनी मिळून मिळवावी लागते आणि मिळाल्यावर सर्वांमध्ये वाटावी लागते. पहिली गोष्ट लोखंड्यांनी केली. दुसरी मात्र आपल्या घराघरांतून अजून व्हायची आहे. कारण रविवारी घरातल्या पुरुषाला सुट्टी असते, मुलांना सुट्टी असते आणि नेमका त्याच दिवशी स्वयंपाकघरात ओव्हरटाइम चालू असतो!

जमा आणि नावे

मी बँकेत ३४ वर्षे काढली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री आणि सुट्टीच्या दिवशी. दिवस गेला तो लेजरांत. संगणक येण्यापूर्वीच्या त्या जाडजूड लेजरांनी मला जे शिकवले ते साहित्याने क्वचितच शिकवले असेल. हिशेबाचा पहिला धडा असा की कुठलीही रक्कम एका खात्यावर जमा दिसली की ती दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावर नावे पडलेली असलीच पाहिजे. ती सापडत नसेल तर शोधायची. सहामाही क्लोजिंगच्या रात्री रुपयाचा फरक राहिला तरी ताळा जुळेपर्यंत कुणी घरी जात नसे.

निवृत्त झाल्यावर हीच सवय मला आयुष्याकडे पाहताना उपयोगी पडू लागली. ‘निवृत्ती’ हा शब्द तरी किती गमतीदार! आपल्या परंपरेत प्रवृत्ती आणि निवृत्ती या अध्यात्मातल्या मोठ्या संज्ञा. ज्ञानेश्वरांच्या थोरल्या भावाचे आणि गुरूचे नावच निवृत्तिनाथ. आणि आपण मात्र तो शब्द शाल, श्रीफळ, भिंतीवरचे घड्याळ आणि पेन्शनचे कागद यांना जोडून टाकला. त्या समारंभात वक्ते हमखास सांगतात, ‘आता काम पुरे, आता विश्रांती घ्या, आता जरा परमार्थाकडे वळा.’ जणू आयुष्य म्हणजे तीन वेगवेगळी खाती आहेत. साठीपर्यंत पहिल्या खात्यात भरणा करायचा, मग शिल्लक दुसऱ्यात वळवायची आणि उरलेच तर तिसरे खाते उघडायचे.

या समारंभांतून परतताना माझ्या पत्नीने एकदा विचारले, ‘‘आमचा निरोप समारंभ कधी असतो हो?’’ विनोदाने विचारले होते, पण मला हसू आले नाही. माझ्या निवृत्तीनंतर तिच्या कामात दुपारच्या चहाची आणि घरी जेवायला येणाऱ्या माझ्या मित्रांची भर पडली होती. माझ्या खात्यावर जी विश्रांती जमा झाली होती, ती तिच्या खात्यावर नावे पडली होती. ताळा अगदी पैशापर्यंत जुळत होता.

भांडी कोण घासणार?

याच सुमारास आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या गटात एक बेत शिजू लागला. सहा जोडपी, बहुतेकांची मुले परदेशी किंवा परगावी. सर्वांनी मिळून कुठे तरी नदीकाठी, डोंगराच्या पायथ्याशी थोडी जमीन घ्यावी, साधी घरे बांधावीत, भाजीपाला पिकवावा, सकाळी योगासने, संध्याकाळी हरिपाठ, असे ते चित्र. चित्र फारच सुंदर होते. नकाशे निघाले, विहिरीची जागा ठरली, वाचनालयाला नावही सुचवले गेले. तीन बैठका उत्साहात पार पडल्या. चौथ्या बैठकीत एका मित्राच्या पत्नीने विचारले, ‘‘बारा माणसांचा स्वयंपाक आणि भांडी कोण करणार?’’

‘‘गावातली एखादी बाई ठेवू,’’ एक जण म्हणाला.

‘‘म्हणजे आपण साधेपणाने राहायला जाणार आणि आपला साधेपणा सांभाळायला दुसरी बाई राबणार,’’ ती म्हणाली. बैठकीत एकदम शांतता पसरली.

तिच्या प्रश्नाने मला पवनारची आठवण झाली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझी बदली वर्धा जिल्ह्यात झाली होती. सुट्टीच्या दिवशी मी अनेकदा धाम नदीकाठच्या त्या आश्रमात जाऊन बसत असे. विनोबा तेव्हा हयात नव्हते. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारलाच त्यांनी देह ठेवला. मी कुणाचा अनुयायी वगैरे नाही. सुरुवातीला तर केवळ नदी पाहायला जात असे. पात्रातल्या खडकांवर गांधीजींच्या अस्थिविसर्जनाची छत्री आहे, अलीकडे टेकाडावर आश्रम, सभोवती शेत. पण काही दिवसांनी लक्षात येऊ लागले की येथली खरी पाहण्यासारखी गोष्ट नदी नाही. येथला दिवस आहे.

मठातून आश्रमाकडे

तो दिवस कसा घडला, याची कथा पवनारच्याही बरीच मागे जाते, आणि तिच्या वाटेत अनपेक्षित ठिकाणे लागतात. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठात राहणाऱ्यांसाठी एक नियमावली लिहिली. दिवसाचे काही तास हातांनी काम, काही तास वाचन, आणि ठरावीक वेळी घंटा वाजली की हातातले काम टाकून सामुदायिक प्रार्थना. उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर आपापल्या बिछान्यावर शांत पडून राहायचीही त्यात सोय आहे. आपल्या वामकुक्षीला असा थेट धर्मग्रंथाचा आधार मिळालेला पाहून मला भारी आनंद झाला! पण मला, एका बँकवाल्याला, त्यातला स्वयंपाकघराचा नियम सर्वांत आवडला. स्वयंपाकाची पाळी आठवड्याची. ती आजाऱ्यासारखे सबळ कारण असल्याखेरीज कुणाला टाळता येत नाही. आठवडा संपला की भांडी स्वच्छ करून कोठीवाल्याकडे परत द्यायची. मग तो ती पुढच्या पाळीच्या माणसाकडे देणार. काय दिले आणि काय घेतले, हे चोख कळले पाहिजे. आमच्याकडे बदली झाली की कॅशचा चार्ज असाच देत-घेत.

याच परंपरेतल्या ट्रॅपिस्ट पंथाच्या साधूंनी १८८२ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये मारियनहिल येथे मठ उभारला. १८९५ साली एक तरुण हिंदी बॅरिस्टर तो पाहायला गेला. वय पंचविशीचे, नाव मोहनदास गांधी. मौन पाळणारे, शाकाहारी, आपले सगळे काम आपण करणारे ते साधू पाहून तो इतका प्रभावित झाला की त्याने लंडनच्या ‘द व्हेजिटेरियन’ या नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला.

पाहणे मात्र सोपे आणि करणे अवघड. १८९८ सालची डर्बनच्या घरातली घटना मराठी वाचकांना ‘सत्याचे प्रयोग’मुळे माहीत आहे. घरी राहणाऱ्या एका कारकुनाचे लघवीचे भांडे कस्तुरबांनी उचलावे आणि तेही हसतमुखाने उचलावे, असा गांधीजींचा आग्रह; त्यावरून झालेला वाद, आणि तिला हाताला धरून दारापर्यंत नेणारे गांधीजी. ही हकीकत त्यांनी स्वतःच, स्वतःला न वाचवता लिहून ठेवली आहे. समतेचा आदर्श एकाचा आणि त्याचा भार दुसऱ्यावर, ही अडचण त्या घरात पहिल्याच पायरीवर उभी राहिली होती.

पुढे १९१० साली जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर ‘टॉल्स्टॉय फार्म’ सुरू झाले. हर्मन कॅलनबाख या वास्तुशिल्पी मित्राची ही सुमारे ११०० एकर जमीन. सत्याग्रहींची कुटुंबे येथे एकत्र राहू लागली. नोकर नाही. स्वयंपाकापासून पायखान्यापर्यंत सारी कामे आपापल्या हातांनी. पीठ हातजात्यावर. खासगी कामासाठी जोहान्सबर्गला जायचे तर पायी जायचे. कॅलनबाख मारियनहिलच्या त्याच मठात जाऊन चपला करायला शिकून आले आणि मग ती कला गांधीजींनी त्यांच्याकडून उचलली. एका मठातले कसब असे चपलांच्या पावलांनी आश्रमात आले. पुढे साबरमती झाले, आणि १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात गांधीजी राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झाले.

खणता खणता विश्रांती

विनोबा वर्ध्याला आले ते त्याही आधी, १९२१ साली. सतरा वर्षे अखंड काम, त्यात तुरुंगवास, त्यात उपास आणि शरीरश्रम. १९३८ साली त्यांची प्रकृती इतकी खालावली की वजन ८८ पौंडांवर, म्हणजे ४० किलोवर आले. गांधीजींना काळजी वाटली. कुठे तरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्यावी, असे सुचवले गेले. विनोबांनी निवडले ते चार कोसांच्या आतले पवनार. जमनालाल बजाज यांचा एक बंगला तेथे धामच्या काठी रिकामा होता. नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनातल्या मनात साऱ्या कामांचा संन्यास केला. संस्थांची चिंता, पत्रव्यवहार, पुढच्या योजना हे सारे पुलाच्या अलीकडे ठेवले, आणि पलीकडे जाऊन त्यांनी काय केले? कुदळ घेतली आणि शेत खणू लागले!

आधी अगदी थोडा वेळ, मध्ये मध्ये थांबत. मग रोज थोडे थोडे अधिक. उरलेल्या वेळात चिंतन आणि झोप. काही महिन्यांतच वजन चांगले वाढले आणि शरीर खणखणीत झाले. ही हकीकत वाचली तेव्हा मला प्रथम उमगले की थकवा कामाने येतो त्यापेक्षा कामाच्या ओझ्याने अधिक येतो. कुदळ जमिनीत पडते तेव्हा हात राबतात, पण मन मोकळे असते. खुर्चीत बसून आपण सुट्टी घेतो तेव्हा हात मोकळे असतात आणि मन राबत असते. आमच्या व्यवस्थापकांपैकी किती तरी जण महाबळेश्वरला जाऊन तीन दिवस थकून परत येत, त्याचे कारण हेच असावे.

या खणण्यात जमिनीतून जुन्या मूर्तीही निघाल्या. पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत. सापडलेल्या शिल्पांत भरत-राम भेटीचे शिल्प होते. ते विनोबांना प्रसादासारखे वाटले, आणि आजही आश्रमात त्याची पूजा होते.

१९५०च्या सुमारास येथे ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग झाला. पैशाच्या व्यवहारावाचून, आपल्या श्रमावर जगून पाहायचे. विहिरीच्या रहाटाला बैलांऐवजी माणसांनी हात लावले, आणि तो फिरवता फिरवता ‘गीताई’चे श्लोक म्हटले. शेताला पाणी मिळाले, शरीराला व्यायाम मिळाला, पाठही झाला. तीन खात्यांवरची तीन कामे एकाच नोंदीत झाली. हा प्रयोग चालू असतानाच विनोबा हैदराबादकडे पायी निघाले, १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले आणि पुढची तेरा वर्षे ते चालतच राहिले. पवनारला ते परतले १९६४ साली.

बहिणींचा दिवस

पण या तेरा वर्षांत, ते स्वतः पदयात्रेत असतानाच, २५ मार्च १९५९ रोजी पवनारला ‘ब्रह्मविद्या मंदिर’ सुरू झाले. हे प्रामुख्याने स्त्रियांचे सामूहिक जीवन. विनोबांची भूमिका थोडक्यात अशी होती की आपल्याकडे ब्रह्मविद्येची साधना बहुतेक पुरुषांनी केली आणि तीही एकेकट्याने, गुहेत किंवा मठात. आता ती समूहाने व्हावी आणि तिची सूत्रे स्त्रियांच्या हाती असावीत. ‘गीताई’ त्यांनी लिहिली तीही आईसाठी. तिला संस्कृत गीता समजत नव्हती आणि सोपी मराठी गीता हवी होती. ती पूर्ण होण्याच्या आधीच आई गेली. ब्रह्मविद्या मंदिर हे मला त्याच आईच्या मागणीचे दुसरे उत्तर वाटते. आईला मराठी गीता तर हवीच, पण ती वाचायला फुरसतही हवी!

तेथला दिवस मी जसा पाहिला तसा सांगतो. पहाटे ईशावास्य उपनिषद, सकाळी विष्णुसहस्रनाम, संध्याकाळी स्थितप्रज्ञाची लक्षणे. या तीन प्रार्थनांच्या खुंट्यांना दिवस टांगलेला. मधल्या वेळात शेत, स्वयंपाक, सफाई, सूत, अभ्यास आणि ‘मैत्री’ या हिंदी मासिकाचे काम. प्रमुख म्हणून कुणी खुर्चीवर नाही. निर्णय सर्वसंमतीने, बहुमताने नव्हे. ज्या हातांनी उपनिषदाचे पुस्तक उघडायचे, त्याच हातांनी भाजी निवडायची आणि अंगण झाडायचे. उतारवयात विनोबासुद्धा अंगणातला पालापाचोळा वेचत, आणि वेचलेली एकेक काडी त्यांना जपमाळेच्या मण्यासारखी वाटे.

तेथे बसून पाहताना माझ्यातल्या हिशेबनिसाला तीन गोष्टी दिसल्या. पहिली, थांबण्याची वेळ ठरलेली होती. घंटा झाली की काम थांबते, मग ते पुरे झालेले असो वा नसो. आमच्याकडे काम संपल्यावर विश्रांती घ्यायची पद्धत, आणि काम कधीच संपत नसे. दुसरी, गरजा मोजक्या होत्या. चार भाज्या आणि दोन गोड पदार्थ करायचेच नसले की स्वयंपाकघरातून लवकर सुटका होते. साधेपणा हा तेथे दिखाऊ त्याग नव्हता. ती वेळेची बचत होती. आणि तिसरी, हलके मानले जाणारे काम कुणा एकाच्या नशिबी चिकटलेले नव्हते. या तीन गोष्टी आधी होत्या, म्हणून नदी, झाडे आणि प्रार्थना यांना तेथे अर्थ होता. निसर्ग तर आमच्या त्या नकाशावरच्या जमिनीवरही भरपूर होता.

हे जीवन सोपे आहे किंवा सर्वांसाठी आहे, असे मी म्हणणार नाही. तेथे ब्रह्मचर्याचे व्रत आहे, शिस्त कडक आहे. संसारी माणसाला ते झेपणारे नाही आणि त्याने तसा आव आणूही नये. शिवाय अशी स्थाने टिकवणे कठीण असते. टॉल्स्टॉय फार्म तीनेक वर्षेच चालले, साबरमतीचा आश्रम गांधीजींनी स्वतःच १९३३ साली विसर्जित केला. पवनार साठ वर्षांहून अधिक काळ टिकून आहे, पण तेथल्या बहुतेक भगिनी आता वृद्ध झाल्या आहेत आणि नव्याने येऊन राहणाऱ्यांची रीघ लागलेली नाही. पाळी लावायची तर हात लागतात. सगळेच हात थकले तर पाळी कुणी घ्यायची, हा प्रश्न आश्रमापुढे आहे आणि आपल्यापुढेही आहे.

आठ दिवसांचा ताळेबंद

हे सारे मी पाचव्या बैठकीत मांडले. तेव्हा असे ठरले की जमीन घेण्याच्या आधी आठ दिवस एकत्र राहून पाहावे. एका मित्राचे चिपळूणजवळच्या खेड्यात वाडवडिलांचे घर आहे. आवाड, विहीर, मागे आमराई. जानेवारीत आम्ही बारा जण तेथे गेलो. नोकर ठेवायचा नाही. कामाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. पुरुष-बाई असा भेद नाही. सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते सात एवढेच काम. दुपारी दोन तास कुणी कुणाला हाक मारायची नाही. रात्री सर्वांनी एकत्र बसून अर्धा तास काही वाचायचे किंवा नुसते गप्प बसायचे. आणि माझ्या आग्रहाने एक नियम आणखी: भांड्यांचा चार्ज मोजून द्यायचा आणि मोजून घ्यायचा.

पहिले दोन दिवस सहलीसारखे गेले. तिसऱ्या दिवशी ठिणगी पडली. आमच्यातले एक सद्गृहस्थ बँकेत फार वरच्या पदावर होते. त्यांना चिठ्ठी आली मोरी घासण्याची. त्यांचे म्हणणे असे की आपण आठ दिवसांचा हिशेब ठेवतो, तीच आपली पाळी समजावी. सर्वसंमती होईपर्यंत दोन तास गेले. शेवटी ते उठले आणि तावातावाने मोरी घासू लागले. बाहेर आले तेव्हा घामाघूम होते. म्हणाले, ‘‘कोपऱ्यातले शेवाळ निघायला लिंबाची साल लागते, हे आमच्या हिने चाळीस वर्षांत सांगितले नाही.’’ त्यांची पत्नी शांतपणे म्हणाली, ‘‘चाळीस वर्षांत तुम्ही विचारले नाही.’’ सगळे हसले आणि मग तेही हसले.

पाचव्या दिवसापासून घडी बसली. त्याच दिवशीचे एक दृश्य सांगण्यासारखे आहे. पहिल्यांदा ‘भांडी कोण घासणार’ असे विचारणाऱ्या त्या वहिनी सकाळी दहाच्या सुमारास पडवीत ज्ञानेश्वरी घेऊन बसल्या होत्या. पुस्तक मांडीवर उघडे, पण त्या वाचत नव्हत्या. समोरच्या उन्हाकडे पाहत होत्या. ‘‘काय झाले?’’ माझ्या पत्नीने विचारले. ‘‘काही नाही. लग्नानंतर दिवसाउजेडी पोथी उघडायची ही पहिलीच वेळ. आजवर रात्री झोपताना दोन ओव्या वाचायची, आणि दुसरीला डोळा लागायचा.’’

त्या दुपारी माझी पत्नी दोन तास गाढ झोपली. घरी ती झोपते तेव्हाही तिचा एक कान दाराच्या घंटीकडे असतो. तिथे घंटी नव्हती, आणि असती तरी दार उघडायची पाळी माझी होती.

जमीन आम्ही अजून घेतलेली नाही. पवनारने समोर ठेवलेला प्रश्न आमच्याही कागदावर आहे: बाराही जण सत्तरीला टेकले की विहिरीवर कोण जाणार? म्हातारपणाची वसाहत करून हे सुटणार नाही. तरुण हात आणि मुलांचे पाय असल्याखेरीज समूह पुरा होत नाही. म्हणून आम्ही दर जानेवारीत त्या घरी जातो, आणि गेल्या खेपेपासून दोघांची नातवंडेही येऊ लागली आहेत. त्यांच्याही चिठ्ठ्या टाकतो. मोरीची चिठ्ठी त्यांना सर्वांत आवडते. पाण्यात खेळायला मिळते ना!

घरातल्या घरात

वाचकहो, यासाठी कोकणातले घर लागत नाही, आश्रमही लागत नाही. निवृत्तीपर्यंत थांबायचे तर मुळीच कारण नाही. दोन खोल्यांच्या घरातही रात्री आठनंतर स्वयंपाकघर बंद, असे ठरवता येते. आठवड्यातून दोन दिवस एकच पदार्थ करून सर्वांनी तो जेवता येतो. चौघांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका वाटीत टाकता येतात. रोज पंधरा मिनिटे सर्वांनी मिळून दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद करून बसता येते. त्या वेळात कुणी नामस्मरण करील, कुणी खिडकीतल्या कुंडीकडे पाहील. गांधीजी सोमवारी मौन पाळत. आपल्याला अख्खा दिवस जमणार नाही, पण सोमवारचा एखादा तास पाहायला काय हरकत आहे? महत्त्वाचे एवढेच की ही पंधरा मिनिटे घरातल्या प्रत्येकाला मिळाली पाहिजेत. एकाने डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने त्याच वेळी कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात, याला ध्यानधारणा म्हणता येणार नाही.

काम, विश्रांती आणि अध्यात्म यांचा तोल सांभाळा, असे आजकाल सगळे सांगतात. त्यावर शिबिरे होतात, शुल्क आकारले जाते. तोल कसा सांभाळावा हे सांगताना तो कुणाच्या खांद्यावर सांभाळला जातो, हे मात्र कुणी विचारत नाही. आपले संत याबाबत अधिक जाणते होते. सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल दिसला, गोरोबाला चिखल तुडवताना दिसला. कामातच देव आहे, हे आपण त्यांच्याकडून शिकलो आणि मोठ्या कौतुकाने सांगतो. जनाबाईची कथाही तशीच सांगतो: नामदेवांच्या घरची दासी, पहाटे जात्यावर दळता दळता विठ्ठलाचे नाव घेणारी. पण त्या कथेचा अर्धा भाग आपण घाईने ओलांडतो. लोकांनी ती कथा ‘जनी दळत राहिली आणि देव प्रसन्न झाला’ एवढ्यावर थांबवलेली नाही. विठ्ठल राऊळ सोडून आला, जात्यापाशी बसला आणि तिच्याबरोबर दळू लागला, असे ती कथा सांगते. एकटीने राबणाऱ्या बाईच्या भक्तीला आशीर्वाद देऊन देवाला निघून जाता आले नाही. लोकांनी त्याला जात्याचा खुंटा धरायला लावला, आणि तेवढा वेळ जनीच्या हातांना विसावा मिळाला.